स्टार्ट बटण कुणी नेलं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा एका वकील मित्राच्या ऑफिसात गेलो होतो. त्याच्याकडे पंचवीसेक वर्षं टायपिंग करणारे एक काका आहेत. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी नवीन कॉम्प्युटर आला होता. मशीन लावून देणारा पोरगा वायरी जोडून, पासवर्ड घालून निघायच्या बेतात होता, तेवढ्यात काका म्हणाले, "बाळा, ते स्टार्ट मधोमध का बसलंय? आधी ते डाव्या कोपऱ्यात ने, मग जा." पोरगा हसला. "काका, होईल सवय." काका म्हणाले, "सवय आहे रे. म्हणून तर सांगतोय."

हे "होईल सवय" कॉम्प्युटरच्या इतिहासात एकदा फार महागात पडलंय. साल २०१२, कंपनी मायक्रोसॉफ्ट, वस्तू विंडोज ८. तेव्हा जगभर जो आरडाओरडा झाला तो आज "लोकांना बदल नकोच असतो" एवढ्या एका वाक्यात गुंडाळला जातो. मला ते पटत नाही. का पटत नाही हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल, कारण २०१२ मध्ये जे बटण काढलं ते मुळात आलं कुठून हेच बहुतेकांना माहीत नसतं.

विंडोज ३.१ ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल. १९९२ सालची गोष्ट. कॉम्प्युटर चालू झाला की प्रोग्रॅम मॅनेजर नावाची एक खिडकी यायची, तिच्यात छोटी छोटी चित्रं. चित्रावर पटकन दोनदा क्लिक केलं तर प्रोग्रॅम उघडायचा. हे दोनदा क्लिक करणं आज आपल्याला श्वास घेण्याइतकं सोपं वाटतं, पण नवख्या माणसाचा हात पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये हलतो आणि काहीच उघडत नाही. दुसरी अडचण त्याहून वाईट. खिडकी लहान केली की तिचं एक चित्र होऊन ते स्क्रीनच्या तळाशी जाऊन बसायचं, आणि दुसरी मोठी खिडकी उघडी असेल तर तिच्यामागे दडायचं. माणसाला वाटायचं, काम गेलं. मग तो तोच प्रोग्रॅम पुन्हा उघडायचा.

पुढच्या आवृत्तीवर काम करणाऱ्या चमूने काय केलं, तर साध्या माणसांना बोलावलं, खोलीत बसवलं, कामं दिली आणि बघत बसले. कोण कुठे अडतो, कोण किती वेळ नुसता स्क्रीनकडे बघत राहतो. केंट सुलिव्हन यांनी या सगळ्या प्रयोगांवर नंतर एक सविस्तर निबंध लिहिला आणि १९९६ साली तो एका परिषदेत मांडला. डिझाइन करायचं, माणसांसमोर ठेवायचं, त्यांची फजिती बघायची, परत येऊन बदलायचं, असं चक्र कित्येकदा फिरलं. त्यातून खालची पट्टी आली, म्हणजे टास्कबार. जे जे उघडं आहे त्याचं बटण तिथे दिसणार. काही हरवणार नाही. सुरुवातीला त्या पट्टीवर तीन वेगळी बटणं होती: सिस्टम, शोध आणि मदत. नंतर ती एकात मिसळली. पण लोकांना अजूनही कळेना की सुरुवात कुठून करायची. तेव्हा त्या बटणावर सरळ "स्टार्ट" असंच लिहिलं. या बटणाचं आणि टास्कबारचं श्रेय डॅनी ओरान यांना दिलं जातं.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं. जाहिरातीला रोलिंग स्टोन्सचं 'स्टार्ट मी अप'. आणि एवढं करूनही कुणी अडू नये म्हणून पहिल्यांदा मशीन चालू केलं की एक बाण सरकत यायचा आणि त्या बटणाकडे बोट दाखवायचा: इथे दाबा. कॉम्प्युटर बंद करायलासुद्धा स्टार्टच दाबायचं, यावर तेव्हा भरपूर विनोद झाले. पण विनोद करणाऱ्यांनाही बंद कुठून करायचं हे माहीत होतं, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्यांना हे नवीन नको होतं त्यांच्यासाठी जुना प्रोग्रॅम मॅनेजर विंडोज ९५ मध्ये तसाच ठेवला होता. मागच्या खोलीत जुना पलंग ठेवतात तसा. तो तिथे पुढे कित्येक वर्षं, अगदी एक्सपीपर्यंत पडून होता. एक्सपीचंही तसंच. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हा त्या निळ्या-हिरव्या रूपाला लोक लहान मुलांचं खेळणं म्हणून हसले होते. पण दोन-चार क्लिक केल्या की जुनं करडं रूप परत यायचं, जुना स्टार्ट मेनूसुद्धा. ज्याला हसायचं तो हसला, जुनं लावलं आणि कामाला लागला. भांडण झालं नाही, कारण भांडायला कारणच नव्हतं.

आता जरा आपल्याकडे. नव्वदच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. एमकेसीएल २००१ साली स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी घराघरांत पोचलं. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायला लागलं तेव्हा चाळिशी-पन्नाशीतले लिपिक, शिक्षक, तलाठी माउस धरायला शिकले. आमच्या क्लासमध्ये माझ्या शेजारी एक गुरुजी बसायचे. त्यांच्या दोनशे पानी वहीत लिहिलेलं होतं: स्टार्ट – प्रोग्रॅम्स – ॲक्सेसरीज – पेंट. पुढच्या पानावर: स्टार्ट – सेटिंग्ज – कंट्रोल पॅनल. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द "स्टार्ट". एस.टी.चा प्रवास स्टँडपासून सुरू होतो तसा. गुरुजींना ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे काय हे कधी कळलं नसेल, पण त्या वहीच्या जोरावर त्यांनी शाळेचे पगारपत्रक कॉम्प्युटरवर आणलं.

अशा वह्या जगभर होत्या. कुणाच्या कपाटात, कुणाच्या डोक्यात, कुणाच्या नुसत्या बोटांत. सतरा वर्षं लोक त्या भरत होते.

आता २०१०. ॲपलने आयपॅड आणला आणि मायक्रोसॉफ्टच्या पोटात गोळा आला. लोक बोटाने कॉम्प्युटर चालवणार, आणि त्या बाजारात आपण कुठेच नाही. त्या वेळी विंडोज विभागाचे प्रमुख होते स्टीव्हन सिनोफ्स्की. माणूस हुशार, शिस्तीचा, दिलेली तारीख पाळणारा. व्हिस्टाचा बोजवारा उडाल्यावर विंडोज ७ त्यांनीच सावरलं होतं. त्याआधी ते ऑफिस विभागात होते, आणि तिथे २००७ च्या ऑफिसात वर्ड-एक्सेलचे जुने मेनू काढून रिबन आणली गेली होती. आठवतं ना, "फाइल मेनू कुठे गेला" म्हणून किती बोंब झाली होती? ती बोंब ओसरली. रिबन टिकली. माझा अंदाज असा, की सिनोफ्स्की आणि त्यांच्या लोकांनी त्यातून धडा घेतला तो हाच: लोक ओरडतात, मग गप्प होतात. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण पुढे जे झालं ते त्या तर्कात नीट बसतं.

ठरलं असं, की टॅबलेटला आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला एकच विंडोज. चालू केलं की पूर्ण स्क्रीनभर रंगीत फरशा. जुना डेस्कटॉप त्या फरशांपैकी एका फरशीमागे. सप्टेंबर २०११ मध्ये प्रोग्रॅमर लोकांसाठी पहिली चाचणी आवृत्ती दिली. त्यात खटपट्या मंडळींनी शोधून काढलं की रजिस्ट्रीत एका ठिकाणी १ चं ० केलं की जुना स्टार्ट मेनू परत येतो. म्हणजे मेनू आत होताच, फक्त झाकला होता. पुढच्या आवृत्त्यांत ती वाट बुजवली. २९ फेब्रुवारी २०१२ ला बार्सिलोनात सगळ्यांसाठी चाचणी आवृत्ती आली तेव्हा डाव्या कोपऱ्यातलं बटणच नाहीसं झालं होतं.

इथे मी जरा थांबतो, कारण खरी गोम इथे आहे. लोक कधीतरी ओरडणारच. प्रश्न असा की जुनी वाट उघडी ठेवायला काय हरकत होती? ९५ मध्ये ठेवली होती, एक्सपीत ठेवली होती. हरकत अशी होती की वाट उघडी राहिली असती तर टेबलावरच्या कॉम्प्युटरवाल्यांपैकी फरशांकडे फार कमी जण फिरकले असते. आणि फरशा बघणारे कोट्यवधी डोळे नसते तर त्यांच्यासाठी ॲप कुणी बनवली नसती. म्हणजे टॅबलेटचं दुकान चालावं म्हणून टेबलावर काम करणाऱ्याला त्या दुकानातून जायला लावलं. मंदिराच्या बाहेर पडायचा रस्ता प्रसादाच्या दुकानांतून काढतात, तसंच.

अर्थात असं कुणी जाहीरपणे बोलत नाही. जाहीर कारण आकड्यांचं होतं. कंपनीकडे लाखो मशीनवरून माहिती येत होती: कोण काय किती वेळा दाबतो. त्यात दिसलं की विंडोज ७ मध्ये लोक आवडते प्रोग्रॅम खालच्या पट्टीवरच टाचून ठेवतात, आणि स्टार्ट मेनू आधीपेक्षा कमी उघडतात. म्हणून त्याची गरज कमी झाली. आकडा खरा असेल, मला शंका नाही. पण दोन गोष्टी त्या आकड्यात नव्हत्या. एक, ही माहिती ज्यांनी पाठवायला होकार दिला त्यांच्याच मशीनवरून येते, आणि कितीतरी मोठ्या ऑफिसांत ती सोय बंदच ठेवलेली असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घरातला जिन्याखालचा मेन स्विच आपण वर्षातून दोनदा वापरतो. म्हणून इलेक्ट्रिशियन तो काढून टाकत नाही. कमी वापरलं जाणारं आणि नको असलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाट चुकली की माणूस ज्या जागी परत येतो, ती जागा रोज किती वेळा लागते हे मोजून तिची किंमत कळत नाही.

बटण गेलं तिथे काय आलं? काहीच नाही. म्हणजे होतं, पण दिसत नव्हतं. माउस अगदी कोपऱ्यात नेला तर फरशांकडे जायची वाट उमटायची. उजव्या कोपऱ्यात नेला की चार्म्स नावाची पट्टी सरकत यायची. कॉम्प्युटर बंद करायचा तर? माउस उजव्या कोपऱ्यात, चार्म्स, त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, मग शट डाउन. स्टार्ट दाबून बंद करतात म्हणून हसणाऱ्यांना आता खरंच बंद करता येईना. पूर्ण स्क्रीनभरचं ॲप बंद करायचं तर वरची कड धरून खालपर्यंत ओढायची. टॅबलेटवर बोटाने हे छान वाटतं. माउसने करून बघा. आणि हे कुठे लिहिलेलंही नाही. १९९५ मध्ये बाण येऊन बोट दाखवायचा, आणि २०१२ मध्ये काम कोपऱ्यात लपवून ठेवलं.

मार्च २०१२ मध्ये ख्रिस पिरिलो नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञान-लेखकाने आपल्या वडिलांना विंडोज ८ समोर बसवून व्हिडिओ काढला. वडील डेस्कटॉपवर पोचतात आणि मग परत यायची वाट शोधत राहतात. मुलगा मुद्दाम सांगत नाही. तो व्हिडिओ प्रचंड फिरला. मला त्यात गंमत अशी वाटते की १९९५ च्या चमूने खोलीत बसून जे केलं, नेमकं तेच इथे एका मुलाने घरी बसून केलं. एवढंच, की या वेळी निकाल ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

जुलैत व्हॉल्व्ह कंपनीच्या गेब न्यूएल यांनी विंडोज ८ ही पीसीच्या दुनियेतल्या सगळ्यांसाठी आपत्ती आहे असं म्हटलं. अर्थात त्यांचं स्वतःचं गेमचं दुकान होतं आणि विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं दुकान येत होतं, तेव्हा ते शुद्ध लोकहिताचं बोलणं नव्हतं. २६ ऑक्टोबरला विक्री सुरू झाली. नोव्हेंबरात वापरसुलभतेचे जुने अभ्यासक याकोब निल्सन यांनी बारा अनुभवी माणसांना बसवून चाचणी घेतली. निष्कर्ष: नवख्यालाही त्रास, मुरलेल्यालाही त्रास. एका वेळी पूर्ण स्क्रीनवर एकच खिडकी, तर याला विंडोज हे अनेकवचन कशाला, असा चिमटाही त्यांनी काढला.

विक्री सुरू होऊन सतरा दिवस झाले आणि १२ नोव्हेंबरला सिनोफ्स्की कंपनी सोडत असल्याची घोषणा झाली. बटणापायी गेले असं म्हणणं बरोबर नाही, आतलं राजकारण वेगळं असतं. पण लोकांनी जोडायचं ते जोडलंच.

दरम्यान लोक काय करत होते? आपली वाट आपण बांधत होते. क्लासिक शेल नावाचा फुकट प्रोग्रॅम होता, तो टाकला की जुना मेनू परत. स्टारडॉक कंपनीने 'स्टार्ट८' काढलं आणि पाच डॉलरच्या आसपास विकायला ठेवलं. म्हणजे जे सतरा वर्षं विंडोजबरोबर येत होतं ते आता माणसं वेगळे पैसे मोजून विकत घेत होती. पुढे लेनोव्होने तर आपल्या नव्या मशीनमध्ये स्टार्ट मेनूसारखा एक प्रोग्रॅम आधीच घालून द्यायला सुरुवात केली. मशीन बनवणाऱ्याला कळलं होतं, कारण मशीन परत त्याच्या काउंटरवर येणार होतं.

एप्रिल २०१३ मध्ये आयडीसीचे आकडे आले. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जगभरात पीसीची विक्री आदल्या वर्षीच्या मानाने १३.९ टक्क्यांनी घसरली होती. १९९४ पासून ते हिशोब ठेवत होते, तेव्हापासूनची सगळ्यात मोठी घसरण. मोबाइल आणि टॅबलेट हे कारण होतंच. पण आयडीसीने स्पष्ट लिहिलं की विंडोज ८ ने बाजाराला हात तर दिला नाहीच, उलट मागे खेचलं.

१७ ऑक्टोबर २०१३ ला विंडोज ८.१ आलं आणि बटण परत आलं. लोकांनी हरखून दाबलं. तर काय, मेनू नाहीच! त्याच फरशा. हे म्हणजे बंद केलेला बसथांबा परत उभा करायचा, पण बस न्यायची दुसऱ्याच गावाला. पुन्हा बोंब. एप्रिल २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत टेरी मायरसन यांनी खरा स्टार्ट मेनू परत येणार असल्याचं पडद्यावर दाखवलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. एकोणीस वर्षांपूर्वीच्या मेनूसाठी टाळ्या! त्याच महिन्यात ८ तारखेला एक्सपीचा आधार अधिकृतपणे संपला. त्यानंतरही आपल्याकडच्या एटीएममध्ये एक्सपी चालूच होतं, इतकं की जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून ते बदलायच्या तारखा घालून द्याव्या लागल्या. असो, तो वेगळा विषय. शेवटी २९ जुलै २०१५ ला विंडोज १० बरोबर मेनू खऱ्या अर्थाने घरी आला, बाजूला थोड्या फरशा घेऊन. नऊ नंबर मध्येच गाळला.

फक्त मायक्रोसॉफ्टचीच ही कथा नाही. सप्टेंबर २००० मध्ये ॲपलने मॅकच्या नव्या प्रणालीची चाचणी आवृत्ती विकली. मॅकवाल्यांचा सगळ्यात ओळखीचा डाव्या कोपऱ्यातला सफरचंदाचा मेनू त्यात काढून टाकला होता आणि पट्टीच्या मधोमध एक सफरचंद नुसतं शोभेला ठेवलं होतं. दाबलं तर काही होत नव्हतं. लोक भडकले. मार्च २००१ मध्ये पक्की आवृत्ती आली तेव्हा सफरचंद मुकाट डावीकडे गेलं होतं आणि दाबलं की उघडत होतं. स्टीव्ह जॉब्सचा हट्टीपणा जगप्रसिद्ध, पण त्यानेही सहा महिन्यांत माघार घेतली. लिनक्सच्या जगात एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा खुद्द लिनस टोरवाल्ड्सने शिव्या घातल्या आणि दुसरीकडे मुक्काम हलवला. तिथे सोय अशी की कोड सगळ्यांचा. चिडलेल्यांनी जुन्या ग्नोमचा कोड उचलला आणि मेट नावाने वेगळा संसार थाटला. विंडोजवाल्याला ती सोय नाही. त्याच्या हातात तीनच गोष्टी: ओरडणं, जुन्याला चिकटून राहणं किंवा पाच डॉलर देणं. त्याने तिन्ही केल्या.

म्हणून मी म्हणतो, "लोकांना बदल नको असतो" हे सोयीस्कर वाक्य आहे. हेच लोक त्याच वर्षांत बटणांचे फोन सोडून टच फोन शिकले, साठीच्या आज्या व्हॉट्सॲप शिकल्या. कुणी मोर्चा काढला नाही. तिथे त्यांनी नवी वस्तू हौसेने घेतली, नवी वही सुरू केली. विंडोज ८ मध्ये त्यांची जुनी वही, त्यांनी स्वतः भरलेली, त्यांना न विचारता पाण्यात टाकली. ती वही कंपनीच्या ताळेबंदात कुठेच नव्हती. कारण ती कंपनीची नव्हतीच, त्या गुरुजींची होती.

विंडोज ११ च्या वेळी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, थोडं शहाणपण आलेलं दिसलं, पूर्ण नाही. टास्कबार वर किंवा बाजूला नेता येईना. प्रत्येक खिडकीचं वेगळं नाव दाखवायची सोय काढली होती, ती ओरड झाल्यावर २०२३ मध्ये परत दिली. आणि स्टार्ट मधोमध नेऊन ठेवलं. मोठ्या पडद्यावर देखणं दिसतं, खरंय. पण डाव्या कोपऱ्याचं एक साधं गणित आहे: न बघता माउस खाली-डावीकडे ढकलला की तो कोपऱ्यात जाऊन आपोआप अडतो. नजर कागदावर ठेवून हात काम करतो. मधोमध ठेवलेलं बटण तर आणखी चार प्रोग्रॅम उघडले की जरासं सरकतंसुद्धा. टायपिस्टसाठी ही रोजची कुरकुर. गेल्या १४ ऑक्टोबरला, म्हणजे २०२५ मध्ये, विंडोज १० चा आधार संपला आणि ऑफिसाऑफिसांत नवी मशीनं येऊ लागली, तशी ही कुरकुर आता आपल्या गावातही ऐकू येतेय.

पण या वेळी एक वाट पहिल्या दिवसापासून उघडी ठेवली होती. त्या पोराने टास्कबारवर राइट क्लिक केलं, सेटिंग्ज उघडली आणि बटण डावीकडे आणलं. दहा सेकंद लागली असतील. काकांनी समोरच्या वकीलपत्रावरची नजर न काढता माउस कोपऱ्यात ढकलला, एकदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "हां. आता जा तू."